सही एकाची, होकार हजारांचा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस रायपूरच्या गोल बाजारातून पायी चालणेही कठीण होते. बारशापासून तेराव्यापर्यंतचे सारे सामान एका फेरीत मिळावे, अशी या बाजाराची जुनी ख्याती. मसाले, भांडी, पूजासाहित्य, कापड आणि बांगड्यांच्या गल्ल्यांमधून डोक्यावर पोती घेतलेले हमाल वाट काढत असतात आणि ओट्यांवर बसलेले मुनीम व नोकर गिऱ्हाइकांना तोंड देत असतात. याच गर्दीत दरवर्षी एक वाटाघाट चालते. तिची नोंद कोणत्याही कामगार कार्यालयात होत नाही. दिवाळीला सेठ काय देणार, हा तिचा विषय. नोकर आपल्या तोंडाने आकडा सांगत नाही. शेजारच्या दुकानात काय मिळाले, एवढेच तो सहज बोलल्यासारखे सांगतो. सेठही गेल्या वर्षीचा आकडा मनात धरून असतो, कारण त्याच्या खाली गेल्यास नोकर काही न बोलता लग्नसराईत दुसऱ्या दुकानावर दिसेल, हे त्याला ठाऊक असते. मागणीपत्र नाही, युनियन नाही, मध्यस्थ अधिकारी नाही. अपेक्षा मात्र आहे, आणि व्यवहार तिच्याच आधाराने ठरतो.

या चित्रात भिलाईचा पोलाद कारखाना, कोरब्याच्या कोळसा खाणी किंवा महाराष्ट्राची एस.टी. घातली तर केवळ आकार बदलतो. वेतन करार म्हटला की दोन बाजू समोरासमोर बसल्या आहेत, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. एकीकडे व्यवस्थापन, दुसरीकडे युनियन. वस्तुतः बाजू तीन असतात. युनियनचा नेता आणि त्याचा सभासद या दोहोंत एक वेगळी, बहुधा अधिक कठीण वाटाघाट चाललेली असते. रिचर्ड वॉल्टन आणि रॉबर्ट मकरसी या अमेरिकन अभ्यासकांनी १९६५ साली आपल्या ग्रंथात या अंतर्गत सौद्याला स्वतंत्र स्थान दिले. पुढे १९६९ मध्ये ओर्ली ॲशेनफेल्टर आणि जॉर्ज जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी आणखी एक पाऊल टाकले. नेत्याला काय मिळणे शक्य आहे याचा अंदाज असतो, सभासदांची अपेक्षा त्याहून वर असते. नेत्याने कमी आकड्यावर सही केली तर त्याची खुर्ची जाते. म्हणून तो संप होऊ देतो. संपाचे दिवस वाढत जातात तशी सभासदांची अपेक्षा खाली येते आणि मग करार होतो, अशी ही मांडणी. संप म्हणजे अपेक्षा उतरवण्याचे साधन, असा तिचा काहीसा कडवट अर्थ.

आपल्याकडचा अनुभव या मांडणीला अर्धाच दुजोरा देतो. दिवस वाढले की अपेक्षा उतरतेच, असे नाही. कधी ती चढते, कधी तिचे रूपच पालटते. हे समजून घेण्यासाठी रायपूरहून फार लांब जावे लागत नाही.

पूर्वीच्या दुर्ग आणि आजच्या बालोद जिल्ह्यातील दल्ली राजहरा येथे भिलाई पोलाद कारखान्याच्या लोहखनिजाच्या खाणी आहेत. १९७७ साली तेथे दोन प्रकारचे कामगार होते. एक, कारखान्याच्या पटावरचे, म्हणजे विभागीय. दुसरे, ठेकेदाराकडचे. हे दुसरे हजारोंच्या संख्येने होते, बहुतांश छत्तीसगढी शेतकरी व आदिवासी कुटुंबांतले स्त्रीपुरुष, हाताने दगड फोडून ट्रक भरणारे. त्या वेळी मान्यताप्राप्त असलेल्या दोन मोठ्या केंद्रीय संघटनांनी व्यवस्थापनाशी बोनसचा करार केला. त्यात विभागीय कामगारास ३०८ रुपये आणि ठेका कामगारास ७० रुपये ठरले. कागदोपत्री हा करार अगदी रीतसर होता. ज्यांच्या नावे तो झाला ते ठेका कामगार मात्र मार्च १९७७ च्या सुरुवातीस काम सोडून मैदानात येऊन बसले आणि दोन्ही जुन्या संघटनांतून बाहेर पडले.

सत्तर रुपये कमी होते म्हणून हे घडले, असे म्हणणे अपुरे आहे. ठेकेदाराचा मजूर त्याहून कमी रकमेवरही राबत आला होता. त्याला टोचले ते ३०८ आणि ७० यांतले अंतर. खनिज तेच, खाण तीच, आणि सहीही एकाच नेत्याची. आपल्या वतीने बोलणारा माणूस आपल्याला दुसऱ्याच्या पावपटीइतकेही मोजत नाही, हा त्यातला खरा दंश होता. अपेक्षा बहुतेक वेळा आकड्यातून जन्मत नाही, शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहिल्यावर जन्मते. गोल बाजारातल्या नोकराचेही तेच.

नेता नसलेल्या या कामगारांनी मग नेता शोधून आणला. शंकर गुहा नियोगी आणीबाणीत तुरुंगात होते, नुकतेच सुटले होते आणि दानीटोला येथील खाणीत त्यांनी स्वतः मजुरी केली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. युनियनने सभासद गोळा केले नाहीत. सभासदांनी आपल्या अपेक्षेसाठी युनियन घडवली. त्यामुळे नव्या संघाच्या मागण्या दिल्लीच्या छापील मसुद्यातल्या नव्हत्या. त्यांतल्या दोन विशेष बोलक्या आहेत. पहिली, मजूर कामावर हजर असूनही ठेकेदाराने काम दिले नाही तर त्या दिवसाची किमान मजुरी मिळावी. दुसरी, पावसाळ्यापूर्वी झोपडीच्या दुरुस्तीसाठी, बांबू-बल्ली घेण्यासाठी १०० रुपये मिळावेत. अधिकाऱ्याच्या दृष्टीने दुसरी मागणी किरकोळ, जवळजवळ गावंढळ. पण मे महिन्यात गळके छप्पर पाहणाऱ्या माणसाला वर्षाच्या अखेरीस मिळणाऱ्या टक्केवारीपेक्षा जून उजाडण्यापूर्वीचे शंभर रुपये अधिक खरे वाटतात. मागणीपत्र सभासदांच्या वस्तीत लिहिले गेले की वर्षाचा हिशेबही त्यांच्या वस्तीचाच येतो.

मेअखेर या मागण्या मान्य झाल्या. ठेकेदारांनी मात्र पैसे दिले नाहीत आणि काम पुन्हा बंद पडले. २ जून १९७७ च्या रात्री पोलिसांनी नियोगींना अटक केली, कामगारांनी पोलिसांना घेरले आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. केंद्रात आणीबाणीविरुद्ध निवडून आलेले जनता सरकार. मिळालेला शब्द मोडला की अपेक्षेची जात बदलते, हे या प्रसंगाने दाखवले. मिळावे असे वाटणे वेगळे आणि मिळाले होते, हिरावले गेले, असे वाटणे वेगळे. दुसऱ्या भावनेला दिवस वाढण्याने उतार पडत नाही. जिल्हा पातळीवर काम केलेल्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको: न दिलेल्या आश्वासनापेक्षा दिलेले आणि न पाळलेले आश्वासन कायदा-सुव्यवस्थेला अधिक महागात पडते.

पुढील काळात नियोगींनी जे केले ते या विषयाच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहायला हवे होते. मजुरी वाढली, तशी दारूच्या दुकानांतली गर्दीही वाढली. तेव्हा संघाने दारूबंदीची मोहीम घेतली. खाणींचे पूर्ण यांत्रिकीकरण होऊ घातले, तेव्हा यंत्रांना निखालस नकार न देता अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला, म्हणजे उत्पादनही वाढेल आणि हातही रिकामे होणार नाहीत. १९८३ मध्ये कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभे राहिले. नेत्याने सभासदांची अपेक्षा नुसती वाहून नेली नाही की दाबलीही नाही. तिला आणखी काही विषय दिले. कामाच्या टोळ्यांच्या मुखियांच्या बैठका वारंवार होत, त्यामुळे टेबलावर काय चालले आहे हे वस्तीला रोज कळे. व्यवस्थापनाने देऊ केलेला आकडा वस्तीत आधी पोचत असे आणि सही नंतर होई. ही पद्धत वेळखाऊ खरी. पण तिच्यामुळे झालेला करार दुसऱ्या दिवशी मोडत नसे.

अर्थात हेच यश भिलाईच्या खासगी कारखान्यांत जसेच्या तसे उतरले नाही. १९९० नंतर तेथील ठेका कामगारांनी राजहऱ्याकडे पाहून जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी मागितली. समोरचा पक्ष आता सार्वजनिक उपक्रम नव्हता. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची भिलाईत झोपेत असताना गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन पंधराहून अधिक जण ठार झाले. एका ठिकाणी फळलेली अपेक्षा दुसरीकडे नेताना तेथला मालक, तेथला कायदा आणि तेथली प्रशासनाची वृत्ती यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो हिशेब भिलाईत फार महाग पडला.

मराठी वाचकाला येथे गिरणगाव आठवणे अपरिहार्य आहे. दोन्ही कथांचा आरंभ विलक्षण सारखा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही कापड गिरण्यांतील एकमेव प्रातिनिधिक संघटना होती. करार करण्याचा अधिकार तिचाच. १९८१ च्या दिवाळीत तिने केलेला बोनसचा करार काही गिरण्यांतील कामगारांना पटला नाही. ते उठले आणि घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या दारात गेले. का गेले? कारण सामंतांनी अभियांत्रिकी कारखान्यांत मिळवून दिलेल्या वाढी लालबाग-परळच्या चाळींत तोंडपाठ होत्या. एकाच खोलीत राहणाऱ्या दोन भावांपैकी एक गिरणीत आणि दुसरा अशा कारखान्यात असला, तर महिन्याच्या एक तारखेला अर्थशास्त्र शिकवायला कुणी लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. औपचारिकपणे तो मागे घेतला गेला, असे आजही म्हणता येत नाही.

येथे ॲशेनफेल्टर-जॉन्सन यांची मांडणी उलटी पडली. महिने गेले, तरी अपेक्षा उतरली नाही. कोकणात आणि घाटावर गावी परतून अर्ध्या भाकरीवर दिवस काढता येत होते, हे एक कारण. दुसरे अधिक खोल होते. प्रश्न आता वेतनाचा उरला नव्हता. आपला प्रतिनिधी कोण, हे ठरवण्याचा अधिकार कामगाराचा की कायद्याचा, असा तो झाला होता. सरकार आणि गिरणीमालक प्रातिनिधिक संघटनेखेरीज कुणाशी बोलायला तयार नव्हते आणि कामगार तिच्याखेरीज कुणाचेही ऐकायला तयार होते. माझ्या मते डॉ. सामंतांची चूक मोठ्या मागण्या करण्यात नव्हती. अभियांत्रिकी कारखाना नफ्यात चालतो आणि जुनी गिरणी जमिनीच्या भावावर डोळा ठेवून चालते, हा फरक त्यांनी सभासदांना वेळीच सांगितला नाही. तो सांगण्याइतकी प्रतिष्ठा त्या काळी फक्त त्यांच्यापाशी होती. जो नेता अपेक्षा वाढवू शकतो, तोच ती उतरवूही शकतो. मात्र त्याची मुदत फार थोडी असते.

चाळीस वर्षांनी एस.टी.च्या संपात हाच खेळ पुन्हा रंगला, आणि या खेपेस तर सभासदांनी एकामागून एक नेते मागे टाकले. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी संघटनांच्या कृती समितीने उपोषण सुरू केले. दुसऱ्याच दिवशी महागाई भत्ता, घरभाडे भत्ता यांवर तडजोड होऊन ते मागे घेतले गेले. जुन्या पद्धतीप्रमाणे प्रकरण येथे मिटायला हवे होते. पण आगारांतले चालक-वाहक कामावर आले नाहीत. त्यांची अपेक्षा भत्त्यांच्या पलीकडे गेली होती: महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. नोव्हेंबरात एकेक करून राज्यातील आगारे बंद पडली. २४ नोव्हेंबरला परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनात सेवाकालानुसार ५,०००, ४,००० आणि २,५०० रुपयांची वाढ जाहीर केली. महामंडळाच्या इतिहासात एका दमात एवढी वाढ क्वचितच झाली असेल. तिच्यानंतर आंदोलनाचे पुढारपण करणारे गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत आझाद मैदानातून मागे फिरले. कामगार बसून राहिले. डिसेंबरात संपाची नोटीस देणाऱ्या संघटनेने संप मागे घेतला. तरीही फार थोडे परतले. त्यांनी आता वकील गुणरत्न सदावर्ते यांच्यावर भरवसा ठेवला होता. मार्च २०२२ मध्ये त्रिसदस्यीय समितीचा विलीनीकरणास प्रतिकूल अहवाल विधिमंडळात मांडला गेला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले, त्याच आठवड्यात शरद पवार यांच्या निवासस्थानी निंद्य प्रकार घडला आणि पाच महिन्यांहून अधिक लांबलेला संप संपला. विलीनीकरण झाले नाही.

विलीनीकरणाची कल्पना कुठून आली, हे पाहण्यासारखे आहे. आंध्र प्रदेशाने १ जानेवारी २०२० पासून आपल्या परिवहन महामंडळाचे कर्मचारी शासनात घेतले होते. तेलंगणात २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच मागणीसाठी पन्नासहून अधिक दिवस संप झाला होता आणि फसला होता. नांदेड-लातूरकडच्या आगारांत आंध्रची बातमी पोचली. तेलंगणच्या अपयशाची तितकीशी पोचली नाही. (तेलंगणानेही पुढे २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना शासनात घेण्याचा कायदा केला, म्हणजे अपेक्षा निराधार होती असेही नाही.) त्यात २०१८ ची आठवण ताजी होती. त्या वर्षी जूनमध्ये ४,८४९ कोटी रुपयांच्या वेतनवाढीची घोषणा झाली आणि आठवडाभरात कर्मचाऱ्यांनी अघोषित संप केला, कारण घोषणेतला एकूण आकडा आणि पगारपत्रकातली वाढ यांचा मेळ त्यांना लागत नव्हता. कोटींचे आकडे वर्तमानपत्रासाठी असतात. वाहक आपल्या हाती पडणाऱ्या रकमेला कोटीने भागत बसत नाही. अनेकदा मोठा आकडा जाहीर करून सरकार स्वतःच अपेक्षा फुगवते आणि मग नेत्यांना म्हणते, तुमची माणसे आवरा.

तरीही निव्वळ हिशेब मांडला तर त्या संपाने कामगारांच्या पदरात काही पडलेच नाही, असे म्हणता येणार नाही. २४ नोव्हेंबरची वाढ मिळाली ती २८ ऑक्टोबरची तडजोड त्यांनी नाकारली म्हणूनच. पण तिच्यानंतरच्या पाच महिन्यांत काय मिळाले, याचे उत्तर अवघड आहे. ज्या दिवशी नेत्याने हात पसरून सांगायचे असते की आता यापुढे भिंत आहे, त्या दिवशी सांगणाऱ्यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा संप झाला, तेव्हा दोन दिवसांत मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर बैठक होऊन मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ मान्य झाली आणि गाड्या धावू लागल्या. विधानसभा निवडणूक आणि गणेशोत्सव तोंडावर होते. दोन्ही बाजूंना २०२१ चा हिवाळा आठवत होता, हेही एक कारण असावे.

आता भिलाईकडे परत येऊ. पोलाद उद्योगातील वेतन राष्ट्रीय संयुक्त समितीत, म्हणजे ‘एनजेसीएस’मध्ये ठरते. १ जानेवारी २०१७ पासून देय असलेला करार ऑक्टोबर २०२१ मध्ये, पावणेपाच वर्षांनी झाला. त्याआधी जूनअखेरीस एक दिवसाचा संपही झाला होता. कामगारांची अपेक्षा होती किमान लाभ १५ टक्के आणि भत्ते ३५ टक्के. हे आकडे आकाशातून पडले नव्हते. अधिकाऱ्यांच्या वेतन पुनर्निर्धारणाच्या सूत्रात तेच होते. हाती आले १३ टक्के आणि २६.५ टक्के, शिवाय ३९ महिन्यांच्या थकबाकीचा प्रश्न अधांतरी. इंटक, आयटक आणि हिंद मजदूर सभेने सामंजस्य करारावर सही केली. सिटू आणि भारतीय मजदूर संघाने केली नाही. विचारसरणीने एकमेकांच्या अगदी टोकाला असलेल्या या दोन संघटना एका बाजूला आल्या, यातच सभासदांच्या नाराजीचे बळ दिसते. पुढे २०२३ मध्ये कोळसा उद्योगात १९ टक्के किमान लाभाचा करार झाला. बिलासपूर मुख्यालय असलेल्या ‘एसईसीएल’चा कामगार आणि भिलाईचा कामगार एकाच गाडीने रायपूरला येतात. १३ आणि १९ यांची तुलना डब्यातच होते.

व्यवस्थापनाचा युक्तिवाद असा की कोळशाची आणि पोलादाची आर्थिक स्थिती निराळी, अधिकारी आणि कामगार यांची वेतनरचना निराळी. युक्तिवाद चुकीचा नाही. परंतु तो वाटाघाटीच्या अखेरीस मांडून उपयोगाचा नसतो, कारण तोवर तुलना घट्ट बसलेली असते. अधिकाऱ्यांचा आकडा आधी जाहीर करून कामगारांशी नंतर बोलायचे, ही पद्धत जोवर आहे तोवर प्रत्येक करारात उणे दोन टक्क्यांची जखम राहणारच.

हे केवळ आपल्याकडचे वेड नव्हे. अमेरिकेत बोइंगच्या यंत्रकामगारांच्या नेत्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये चार वर्षांत २५ टक्के वाढीच्या मसुद्याची शिफारस केली. सभासदांनी तो सुमारे ९५ टक्के मतांनी फेटाळला. ३५ टक्क्यांचा दुसरा प्रस्तावही ऑक्टोबरात पडला आणि नोव्हेंबरच्या आरंभी ३८ टक्क्यांवर ५९ टक्के मतांनी संप मिटला. दहा वर्षांपूर्वीच्या करारात गमावलेले निवृत्तिवेतन मात्र परत आले नाही. तेथे आणि एस.टी.त मोठा फरक हा की बोइंगच्या कामगारांना प्रत्येक मसुद्यावर गुप्त मतदानाचा हक्क होता. आपली नाराजी किती, हे नेत्याला, कंपनीला आणि स्वतः सभासदांनाही आकड्यात कळत होते. पहिल्या वेळी ९५, दुसऱ्या वेळी ६४, तिसऱ्या वेळी होकार. अपेक्षा उतरताना मोजता येत होती. आझाद मैदानात ती केवळ घोषणांच्या आवाजावरून अजमावावी लागत होती.

हा मुद्दा आज महत्त्वाचा ठरतो, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेनुसार एकाहून अधिक संघटना असतील तेथे पटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तशी कुणीच नसेल तर वीस टक्क्यांमागे एक प्रतिनिधी अशी परिषद बनते. संपासाठी आगाऊ नोटीस सर्वच आस्थापनांत बंधनकारक झाली असून निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच वेळी घेतलेली किरकोळ रजाही संपात मोडते. कुणाशी बोलायचे, हा प्रश्न प्रशासनापुरता सुटला. मुंबईत १९४६ च्या कायद्याने तो असाच सुटला होता, आणि मध्य प्रदेशानेही १९६० मध्ये त्याच धर्तीचा कायदा केला होता. एकावन्न टक्के पाठिंबा पाच वर्षांपूर्वी असणे आणि आज देऊ केलेल्या आकड्याला होकार असणे, या निराळ्या गोष्टी आहेत. संहितेत पहिल्या गोष्टीची व्यवस्था आहे. दुसरीसाठी, म्हणजे मसुदा सभासदांच्या मतास टाकण्यासाठी, सक्ती नाही. राज्यांच्या नियमांत किंवा निदान सार्वजनिक उपक्रमांच्या प्रथेत ती आणता येईल. कामगार खात्यातील आपल्या मराठी अधिकाऱ्यांनी या जागेकडे अवश्य पाहावे.

दुसरी अडचण पटाचीच आहे. भिलाईत नियमित कामगारांची संख्या दशकानुदशके घटत आली आणि ठेका कामगारांचा भार वाढला. त्यांचा पट ठेकेदाराकडे. एकाच भट्टीपुढे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाच्या अपेक्षेला टेबलावर खुर्ची आहे, दुसऱ्याच्या अपेक्षेला नाही. ३०८ आणि ७० रुपयांच्या वेळी नेमकी हीच मांडणी होती.

आणि आपण स्वतः? मंत्रालयात, रेल्वेच्या विभागीय कार्यालयात वा महालेखाकारांकडे असलेला वाचक स्वतःला या चर्चेबाहेरचा पंच समजत असेल, तर त्याने चौबे कॉलनीच्या महाराष्ट्र मंडळातील एका संध्याकाळच्या गप्पा आठवाव्यात. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठवा वेतन आयोग नेमला गेल्यापासून तेथे ‘फिटमेंट’च्या गुणकाशिवाय विषय नाही. सातव्या आयोगाच्या वेळी संघटनांची मागणी किमान वेतन २६,००० रुपयांची होती, मिळाले १८,००० आणि गुणक २.५७. जुलै २०१६ मध्ये जाहीर केलेला देशव्यापी संप मंत्र्यांच्या आश्वासनावर पुढे ढकलला गेला, तो ढकललेलाच राहिला. त्या आकड्यावर समाधानी असलेला कर्मचारी मला भेटलेला नाही. कामावर न गेलेलाही भेटलेला नाही. याच शहरात २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी नियमित होण्यासाठी महिनाभर संपावर होते. एका बाजूला गुणकाची चर्चा, दुसऱ्या बाजूला मुळात पटावर घ्या ही विनवणी.

गोल बाजारातल्या नोकराला यांपैकी काहीच लागू नाही. बोनसचा कायदा वीस कामगारांपासून पुढे लागतो. छत्तीसगडचा नवा दुकाने व आस्थापना कायदा १३ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आला, तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. जुना १९५८ चा गुमास्ता कायदा लहान दुकानांनाही धरून होता. या बाजारातील बहुतेक ओट्यांवर दोन-चार नोकरांहून अधिक माणसे नसतात. सकाळी मजूर जेथे कामासाठी उभे राहतात, त्या अड्ड्याला रायपुरात अजूनही चावडी म्हणतात. भोसल्यांच्या राजवटीतला हा शब्द येथे राहिला आहे. पूर्वी चावडीवर गावाचा सारा ठरत असे; आज तेथे सकाळी आठच्या सुमारास दिवसाची हजेरी ठरते. कुणी हाताने बोटे दाखवून भाव सांगतो, कुणी मान हलवून नकार देतो, आणि दोन पावलांवर उभा असलेला तिसरा मजूर तो भाव ऐकून आपला आकडा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो.